मंडईतलं बोट आणि कावसजीचं नाक

पुढच्या वेळी पुण्याच्या मंडईत गेलात की एकदा भाजीकडे न बघता नुसत्या पात्यांकडे बघा. फ्लॉवरची पानं छाटायची सुरी वेगळी, लाल भोपळ्याच्या फाका पाडायचा सुरा वेगळा, शहाळ्याचा कोयता वेगळा. फणसवाले हाताला आणि सुरीला तेल चोपडून बसतात, कारण फणसाचा चीक एकदा चिकटला की निघता निघत नाही. गोणीची सुतळी कापायला कुणाकडे नुसतंच ब्लेड असतं. आंब्याच्या दिवसांत लाकडी पेट्या येतात. त्यांच्या फळ्यांना बारीक चुका मारलेल्या असतात आणि पेट्या फुटल्या की त्यातल्या काही पायाखाली येतात. बाहेर पडून बोहरी आळीकडे वळलात तर खिळे, पत्रे आणि करवतींची दुकानंच दुकानं.

मधल्या अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ सालची. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा बाजारावर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे मंडईला नाव मिळालं ते त्यांचंच, आणि मला ते फार आवडतं. तर तेव्हापासून आजपर्यंत इथे रोज भाजी छाटली जाते. म्हणजे रोज कुणाचं ना कुणाचं बोटही कापतच असणार, नाही का?

परवा तिथे उंच गाळ्यावर बसलेल्या एका मावशींच्या हातांकडे मी बघत उभी होते. डाव्या हातात फ्लॉवरचा गड्डा, उजव्या हातात सुरी. बोलणं गिऱ्हाइकाशी, नजर पलीकडच्या वजनकाट्यावर, आणि सुरी आपली सपासप चाललेली. एक जाड देठ निसटला आणि सुरी अंगठ्यावर आली. "आई गं!" म्हणत मावशींनी अंगठा थेट तोंडात घातला. मग पदराच्या टोकानं पुसला. रक्त परत आलं, परत पुसला. परत आलं. "जाऊ दे गं, रोजचंच आहे," असं मलाच समजावत त्यांनी पुढचा गड्डा उचललासुद्धा. शेजारच्या गाळ्यावरचे काका हळदीची पुडी घेऊन आले, मागून कुणीतरी "चुना लावा, चुना" म्हणालं. मदतीला सगळे धावले. पण सगळ्यांच्या आधी मदतीला धावून आलेलं कुणीतरी मावशींच्या अंगठ्याच्या आतच होतं.

कातडीच्या खाली रक्ताच्या बारीक बारीक नळ्यांचं दाट जाळं असतं. एखादी नळी कापली गेली की ती पहिल्या क्षणाला स्वतःलाच आवळून घेते. भोक लहान, तर रक्तही कमी वाहणार. तेवढ्यात तिथे पोचतात प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तपट्टिका. डेंग्यूच्या साथीत घरोघरी "प्लेटलेट्स किती?" असं विचारतात ना, त्याच या. रक्ताच्या एका थेंबात त्या साधारण एक कोटीच्या आसपास असतात! एरवी त्या गुळगुळीत तबकड्या बनून रक्तातून वाहत असतात. पण फाटलेल्या नळीची कड लागली रे लागली की त्यांचा आकार बदलतो. त्यांना काटेरी हातपाय फुटतात, त्या चिकट होतात आणि एकमेकींना धरून भोकावर थर रचायला लागतात.

हा थर कच्चा असतो. त्याला पक्कं करायला रक्तातलाच एक पदार्थ पुढे येतो. एरवी तो रक्तात विरघळलेला असतो, म्हणून दिसत नाही. जखम झाली की त्याचे बारीक चिवट धागे बनतात. या धाग्यांचं नाव फायब्रिन. कांदे भरून आणतात ती लाल जाळीची पिशवी आठवा. फायब्रिनच्या जाळीत रक्तातल्या लाल पेशी अगदी तशाच अडकून बसतात आणि जखमेच्या तोंडावर घट्ट बूच तयार होतं. यालाच आपण रक्त गोठलं म्हणतो.

या सगळ्याला काही मिनिटं लागतात. आता सांगा, मावशी दर वेळी पदरानं अंगठा पुसत होत्या तेव्हा काय होत होतं? नुकतं विणलेलं जाळं पुसलं जात होतं, आणि बिचाऱ्या प्लेटलेट्सना परत पहिल्यापासून सुरुवात!

म्हणून रक्त येत असेल तर पुसत बसू नका, दाबून धरा. स्वच्छ रुमाल घ्या, घडी करा, जखमेवर ठेवा आणि तळव्यानं किंवा बोटांनी चांगला जोर देऊन दाबा. हात छातीपेक्षा वर धरा. मग घड्याळाकडे बघा आणि दहा मिनिटं तसेच राहा. "थांबलं का बघू?" असं दर मिनिटाला मनात येतंच. नाही बघायचं! रुमाल ओला झालाच तर तो काढू नका, त्याच्यावर दुसरा ठेवा आणि दाबणं चालू ठेवा. मी मावशींना माझा धुतलेला रुमाल दिला आणि आम्ही दोघी दहा मिनिटं गप्पा मारत बसलो. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांना भाजी मलाच द्यावी लागली. दहा मिनिटांनी रुमाल उचलला तर रक्त थांबलेलं.

दुसऱ्या कुणाला लागलं असेल तर त्यालाच रुमाल द्या आणि दाबायला सांगा. त्याला जमत नसेल तर आपल्या हातात आधी हातमोजा घाला. तो नसेल तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हाताला गुंडाळा. एकाच्या रक्तातून दुसऱ्याला काही आजार जाऊ शकतात, म्हणून ही काळजी. आणि मोठ्या माणसाला हाक मारायला एक क्षणही थांबू नका.

अंगठा तोंडात घालायची सवय मात्र सोडायला हवी. आपल्या तोंडातली जखम लवकर भरते, जीभ चावली गेली तरी दोन-चार दिवसांत बरी होते, हे खरं. पण तोंडात लक्षावधी जिवाणू राहतात. तोंडाला त्यांची सवय असते, अंगठ्याला नसते.

रक्त थांबलं, आता धुवायचं. मंडईतली जखम तर धुवायलाच हवी. तिच्यात माती असते, पालेभाजीचा चिखल असतो, गोणपाटाचं सूत असतं. नळाची धार सोडायची आणि जखम त्या धारेखाली चार-पाच मिनिटं धरायची. पिण्याचं पाणी चालतं, उकळून गार केलेलं पाणी कशाला शोधत बसायचं? जखमेच्या भोवतीची कातडी साबणानं धुवायची. खडा किंवा कचरा दिसला तर तो पाण्याच्या धारेनं निघतो का बघायचं. वर वर असलेला कण स्वच्छ चिमट्यानं मोठ्या माणसानं काढावा. पण काचेचा तुकडा किंवा खिळा खोल रुतून बसला असेल तर तो ओढून काढायचा नाही. कधी कधी तोच आत बुचासारखा बसलेला असतो आणि काढला की धो धो रक्त येतं. तशा माणसाला आहे तसंच दवाखान्यात न्यायचं.

जखमेवर झोंबणारं काहीतरी ओतलं की ती "साफ" होते, असं खूप जणांना वाटतं. स्पिरिट, पाणी न घालता ओतलेलं जंतुनाशक, फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. झोंबतं म्हणजे काम करतं, असा समज. हे पदार्थ जंतूंना मारतात खरे, पण ते जंतू आणि जखम भरायला आलेल्या आपल्या पेशी यांच्यात फरक करत नाहीत. साध्या कापण्या-खरचटण्याला वाहतं पाणी पुरतं.

आता काकांच्या हळदीकडे येऊ. हळदीवरून तर मोठं युद्ध झालं आहे! हळद लावून जखम बरी करण्याच्या पद्धतीचं पेटंट १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालं. पेटंट म्हणजे 'हे आम्ही शोधलं, आमच्या परवानगीशिवाय कुणी यातून व्यापार करायचा नाही' असा हक्क. आपल्या आज्यांच्या आज्यांनी वापरलेली गोष्ट अमेरिकेत १९९५ साली नवी कशी ठरते? तेव्हा आपल्या देशातल्या सीएसआयआर या विज्ञान संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. त्याआधी ते पुण्यातच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि जुने लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. हळदीत कर्क्युमिन नावाचा पदार्थ आहे आणि तो सूज कमी करतो का, जंतूंना रोखतो का, यावर प्रयोगशाळांमध्ये पुष्कळ काम झालं आहे.

मग काकांची पुडी मी का थांबवली? कारण प्रयोगशाळेतलं कर्क्युमिन वेगळं आणि बाजारातली हळदपूड वेगळी. हळद जमिनीत वाढते, अंगणात वाळते, गिरणीत दळली जाते, उघड्या पोत्यात राहते. तिच्यात मातीतले जिवाणू असू शकतात, कधी भेसळीचा रंगही असतो. शिवाय ती जखमेत गोळा होऊन बसते आणि आतली लाली किंवा पू डॉक्टरांना दिसतच नाही. हळद दुधातून प्या, भाजीत घाला. उघड्या जखमेत पूड भरू नका. चुना तर मुळीच नको, चुन्यानं कातडी भाजते. कॉफीची पूड, तंबाखू, राख, कोळ्याचं जाळं, रस्त्यावरची माती, हे सगळं लोक लावतात. यातलं काहीही नको.

धुऊन झालं की स्वच्छ कापडानं भोवतीचं पाणी टिपायचं आणि पट्टी लावायची. इथे बऱ्याच आयाबाबांशी तुमचा वाद होणार आहे, कारण ते म्हणतील, "उघडं राहू दे, हवा लागू दे, लवकर वाळेल." १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर एक साधा प्रयोग केला. अगदी वरवरच्या छोट्या जखमा, काही उघड्या सोडलेल्या, काहींवर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली! कारण शोधलं तेव्हा कळलं, की नव्या कातडीच्या पेशी जखमेच्या कडेकडून मधे सरकत येतात आणि सरकायला त्यांना ओल लागते. उघड्या जखमेवर जाड कोरडी खपली धरते, मग या पेशींना तिच्याखालून खोल ओल शोधत वाट काढावी लागते. म्हणून पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवायचं आणि वर पट्टी. पट्टी रोज बदलायची. ती भिजली किंवा मळली तर लगेच बदलायची. आणि बोटाला पट्टी फार आवळायची नाही, बोट निळसर किंवा बधिर झालं तर ती सैल करायची.

ही तयार चिकटपट्टीसुद्धा स्वयंपाकघरातूनच आली आहे. अमेरिकेत १९२० साली अर्ल डिक्सन नावाच्या माणसाच्या बायकोचं, जोसेफिनचं, स्वयंपाक करताना सारखं बोट कापायचं. तो ज्या कंपनीत होता तिथे कापसाचं गॉझ आणि चिकटपट्टी दोन्ही बनत. त्यानं चिकटपट्टीच्या मधोमध गॉझचे तुकडे लावून ठेवले, म्हणजे तिला एकटीला एका हातानं लावता येईल. तीच पुढे बँड-एड.

पट्टीखाली पुढचे दिवस काय घडतं ते दिसलं असतं तर आपण शाळा बुडवून बघत बसलो असतो. पहिल्या काही तासांतच पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेत उतरतात आणि जिवाणूंना गिळायला लागतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस जखमेची कड लाल, गरम आणि थोडी सुजलेली असते. ते बिघडल्याचं लक्षण नाही, तिथे काम चालू आहे. मग आणखी मोठ्या पेशी येतात आणि मेलेले जिवाणू, मेलेल्या पेशी, सगळा कचरा खाऊन टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांची भरती सुरू होते आणि रक्ताच्या नव्या कोवळ्या नळ्या त्यात शिरतात. खपली निघाली तर खाली लालबुंद, दाणेदार काहीतरी दिसतं ना? त्या याच नळ्या. तिथे नखाचा धक्का लागला तरी रक्त येतं. आठवड्याभरात खाज सुटते. खाजवू नका, खपली ओढू नका, ती आपली आपण पडते. वरून जखम बुजली तरी आतले धागे पुढे कित्येक महिने नीट लावले जात असतात. मोठी जखम असेल तर वर्षभरसुद्धा. आणि एवढं करूनही व्रणाची कातडी मूळच्या कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही. फार तर शंभरातले ऐंशी.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेचे ओठ उघडे पडत असतील, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल, तर लगेच, त्याच दिवशी. तिथे टाके लागतील. आणि दोन-तीन दिवसांनी लाली कमी होण्याऐवजी पसरत गेली, ठणका वाढला, पू आला, ताप आला, जखमेपासून वर लाल रेघ सरकताना दिसली, तरीसुद्धा लगेच. रक्त उसळून येत असेल तर दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

त्या नव्या नळ्यांचं काय एवढं, असं वाटत असेल तर आता कावसजीची गोष्ट ऐका. ही आपल्या पुण्याची आहे आणि सगळ्या जगाच्या डॉक्टरांना माहीत आहे.

कावसजी बैलगाडीवान होता. टिपू सुलतानाशी इंग्रजांचं जे युद्ध १७९२ साली संपलं, त्यात तो इंग्रज फौजेचं सामान वाहत होता. टिपूच्या सैन्यानं त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात कापून टाकला. वर्षभर तो बिननाकाचाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं! हा माणूस ना राजवैद्य होता ना हकीम. विटा-मातीचं काम करणाऱ्या कुंभारांतला होता तो. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानं काय केलं बघा. आधी मेणाचा पातळ पत्रा करून नाकाच्या जागी बसवला, मापाला. मग तो पत्रा उलगडून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ मारली. त्या रेघेवर कपाळाची कातडी सोडवली, पण पूर्ण नाही! दोन भुवयांच्या मधे एक छोटी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग ती कातडी तिथूनच फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी, ताज्या केलेल्या कडांना भिडवली. चिकटवायला काय वापरलं? कात! विड्याच्या पानात घालतात तोच कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेली कापडं ठेवली.

आणि भुवयांमधली ती जोडपट्टी? ती कापली पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला. इतके दिवस का थांबला असेल तो? कपाळावरून आणलेल्या कातडीला जिवंत राहायला रक्त हवं आणि रक्त त्या पट्टीतूनच येत होतं. तेवढ्या दिवसांत गालाकडून रक्ताच्या नव्या नळ्या नव्या नाकात शिरल्या, त्याच ज्या तुमच्या गुडघ्याच्या खपलीखाली लाल दाणे होऊन दिसतात. मग पट्टी कापली तरी नाक जिवंत राहिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजीच्या चित्रासह सगळी हकीकत छापून आली. ती वाचून, सराव करून, जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरनं १८१४ साली लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं. नाकाची ही रीत आपल्याकडे फार जुनी, सुश्रुताच्या ग्रंथातसुद्धा कापलेलं नाक जोडायची पद्धत दिली आहे. पण एका गाडीवानाच्या चेहऱ्यावरून ती सातासमुद्रापार गेली, हे मला मोठं वाटतं. (म्हणून जखमेला कात आणि तूप लावायला घेऊ नका हं. तेव्हा त्याच्याजवळ निर्जंतुक गॉझ आणि टाक्यांचा दोरा नव्हता. आपल्याकडे आहे.)

नाकाचा विषय निघालाच आहे तर घोळणा फुटला की काय करायचं तेही सांगते. मान मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं आणि उलटी होते. खाली बसायचं, थोडं पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा. कांदा हुंगायची गरज नाही, मंडईत असलात तरी.

भजीच्या कढईचं तेल उडालं, चहा सांडला, तर भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. फोड आला तर तो फोडायचा नाही, त्याच्याखाली नवी कातडी तयार होत असते. तळहाताहून मोठं भाजलं किंवा चेहऱ्यावर भाजलं तर दवाखाना.

कुत्र्यानं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखान्यात जायचं. घरी ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. रेबीज एकदा सुरू झाला की त्यावर औषध जवळजवळ नाहीच, पण वेळेवर लस घेतली तर तो होतच नाही. ही लस सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मिळते.

आता त्या आंब्याच्या पेटीच्या चुका. पायात खिळा घुसला की सगळे पहिल्यांदा विचारतात, "गंजलेला होता का?" बिचाऱ्या गंजाचा यात काही दोष नाही. धनुर्वात होतो तो क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी नावाच्या जिवाणूमुळे. त्याची बीजं मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं पडून राहतात. नवा कोरा चकचकीत खिळासुद्धा मातीत पडला असेल तर तेवढाच धोक्याचा. या जिवाणूला हवा सोसत नाही. उथळ, उघड्या जखमेत त्याचं फारसं जमत नाही. पण खिळा, काटा, टोचा यांचं भोक अरुंद आणि खोल. वरून तोंड मिटतं, रक्तही फार येत नाही, आपण म्हणतो "काही नाही झालं", आणि आत त्याला हवी तशी बिनहवेची जागा मिळते. तिथे तो एक विष तयार करतो. ते विष मज्जातंतूंमधून वर जातं आणि स्नायू आखडायला लागतात, आधी जबडा, मग मान, मग पाठ. म्हणून टोचलेली जखम दिसायला छोटी असली तरी ती धुवायची, घरी सांगायची आणि डॉक्टरांना दाखवायची.

या विषाला उतारा आहे हे १८९० साली जर्मनीत एमिल बेरिंग आणि जपानहून तिथे शिकायला गेलेले किटासाटो यांनी दाखवलं. एखाद्या प्राण्याला हे विष अगदी थोडं थोडं टोचत गेलं, तर त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. त्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्याला दिलं तर त्याचाही बचाव होतो. मोठं जनावर असेल तर सीरमही जास्त मिळणार, म्हणून या कामाला घोडे आले. आणि इथे गोष्ट परत पुण्यात येते. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा स्टड फार्म होता. तिथले वय झालेले घोडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत सीरम तयार करायला जात. घोडे आपले, मग सीरम इथेच का करू नये, असं सायरस पूनावाला यांच्या मनात आलं आणि १९६६ साली हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोविडच्या लसीमुळे तिचं नाव तुम्ही ऐकलं आहेच. पण तिची सुरुवात झाली ती धनुर्वाताच्या सीरमनं, म्हणजे पायात घुसलेल्या खिळ्यासाठी.

सीरम म्हणजे आयती मिळालेली प्रतिद्रव्यं, ती काही आठवड्यांत संपतात. लस मात्र आपल्या शरीरालाच ती बनवायला शिकवते, म्हणून ती खिळा घुसण्याआधी घ्यायची असते. तुम्ही तान्हे होतात तेव्हा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे असताना तुम्हाला ती टोचली आहे. मग दीड वर्षाच्या सुमाराला आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना. पण शरीर हळूहळू विसरतं, म्हणून आपल्या देशाच्या लसीकरणाच्या वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी 'टीडी' नावाचं इंजेक्शन आहे. सरकारी केंद्रांत ते फुकट मिळतं आणि शाळांमधूनही देतात. आजच आईबाबांना तुमचं लसीकरणाचं कार्ड कपाटातून काढायला सांगा. दहा वर्षं पूर्ण झाली असतील आणि त्या रकान्यात तारीख नसेल, तर या आठवड्यात जाऊन घेऊन या. मावशींनाही मी तेच विचारलं. त्यांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवेना, मुलगी झाली तेव्हा बहुतेक, म्हणाल्या. ती मुलगी आता कॉलेजात आहे. दुपारी गाळा शेजारच्या काकांवर सोपवून त्या महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन आल्या, आणि येताना काकांनाही "तुम्ही कधी घेतलंत?" म्हणून विचारलं.